पीठ घराबाहेर

६ जून

ती. ताईस,

नमस्कार. तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर तू नुसती "हॅलो, हॅलो" करतेस आणि मी "अगं ऐक" म्हणून ओरडतो, शेजारी बिचारे दारं लावून घेतात. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. माझ्या हाताला पुस्तकं शिवायची सवय, लिहायची नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

माझं वजन हिवाळ्यात उतरत गेलं ते तू फोटोत पाहिलंसच. तीन डॉक्टर झाले, चौथ्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि निदान केलं: सिलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की माझंच शरीर माझ्या आतड्यावर उठतं म्हणे. औषध काही नाही. गहू, जव, राय ही धान्यं जन्मभर बंद, चिमूटभरसुद्धा चालणार नाही. मी म्हटलं, बाई, दात पडायच्या आधीच पाव काढून घेता का? त्या हसल्या नाहीत.

हिने मग घर डोक्यावर घेतलं. तवे बदलले, लाकडी चमचे टाकले, फडताळं धुतली. घरातलं सगळं पीठ, मैदा डबे भरून मला दिला, मी तो दुकानात नेला. फेकायचा कशाला? खळ शिजवायला मैदा लागतोच, आम्हा बाइंडर लोकांची पुस्तकं सगळी त्या खळीवर उभी. आता आमच्या स्वयंपाकघरात गव्हाचा कण शोधायला भिंग घेऊन बसलीस तरी मिळायचा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत छान गेलं. अशक्तपणामुळे दुकान अर्धं बंदच होतं, मी घरात लोळत होतो, पँट पुन्हा कमरेला बसायला लागली. मग एका लायब्ररीचं मोठं काम आलं, सगळी जुनी पुस्तकं उसवून नव्याने बांधायची. कामाला लागलो, आणि त्याच सुमाराला पुन्हा सुरू झालं. दुपारी पोट इतकं फुगतं की बटण लागत नाही, मग संडासाकडे धाव. तोंडात फोड, कोपरांवर खाज सुटणाऱ्या पुटकुळ्या. आणि डोकं तर विचारू नकोस. परवा गिऱ्हाइकाशी बोलताना कात्रीला काय म्हणतात तेच आठवेना. हातात धरून उभा होतो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, कुठून तरी गहू पोटात जातोय, शोधा. दर वेळी पोटच बिघडेल असं नाही. थकवा, चिडचिड, तोंडातले फोड, डोक्यात धुकं, हेही त्यानेच होतं. कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांनी, त्यामुळे कशाने झालं ते पकडता येत नाही. मला काम काय करता म्हणून विचारलं. म्हटलं, कागदाचं. त्या पुढचा प्रश्न विचारायला लागल्या.

मी आता वाण्याकडच्या प्रत्येक पुड्याच्या मागची बारीक अक्षरं वाचतो, टूथपेस्टसुद्धा वाचून आणली. तरी जातंय कुठून ते समजत नाही. तुला काही सुचलं तर लिही.

तुझा,
बारक्या


१७ जून

बारक्या,

अनेक आशीर्वाद. अक्षराला हसले नाही, तू दुसरीत होतास तेव्हाही असंच होतं. आईमागे मी तुझ्या पाट्या पुसल्यात, विसरू नकोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि कपाळावर हात मारला. अरे, तुझी बायको नोकरी कुठे करते? बेकरीत! दिवसभर पाव, केक, बिस्किटं विकते, मागच्या खोलीत पोती उघडतात, आणि तू भिंग घेऊन फडताळात गहू शोधतोस? तिच्या केसांत पीठ, बाहीत पीठ, नखांत पीठ. त्याच हातांनी ती तुला भात वाढते. एवढं साधं त्या चार डॉक्टरांपैकी एकालाही कळू नये म्हणजे धन्य आहे.

वहिनीला मी वाईट म्हणत नाही. मनाने चांगली आहे. पण तिच्या कामात टापटीप कधी नव्हतीच. मी आले होते तेव्हा दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायला ती रोज विसरायची, आणि मी ठेवलं की म्हणायची, "राहू दे हो ताई, कोण पितंय." मी तेव्हा काही बोलले नाही.

तिला म्हणावं, ती नोकरी सोड. तुम्ही दोघंच, तुझं दुकान चालतंय, अडलंय कशाला? सांगायला जड जात असेल तर माझं नाव सांग. मी वाईट व्हायला तयार आहे. तुझा जीव राहिला म्हणजे झालं. आपल्या घरात आता तू आणि मीच उरलोय.

गुडघे बरे. कान तसेच.

ताई


९ जुलै

ती. ताईस,

सांगितलं. तुझं नाव घ्यावं लागलं नाही, तिनेच विचारलं, "ताई म्हणाल्या का?" मी हो म्हटलं. म्हणाली, "मी रोज येते ती आधी अंघोळ करते, कपडे बाहेर काढते, तुम्हाला माहीत आहे." मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, कणभर पुरतो.

तुला वाटतं तसं ते नुसतं काउंटर नव्हतं गं. केकवर नावं तीच लिहायची. लग्नाआधीपासून तिथे आहे, लोक येऊन विचारतात, त्या बाई आहेत का, त्यांच्या अक्षरात हवंय. शेवटच्या दिवशी एप्रन घरी आणला, धुतला, आणि कापून त्याची फडकी केली.

पण ताई, तू म्हणालीस तेच खरं निघालं! मधे माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, म्हणून दुकान बंद ठेवून घरात बसलोय. आणि फरक बघ. पोट जागेवर आलं. फोड गेले, कोपरं सुकली. कात्रीला कात्री म्हणतो, आणि समोरच्या घरातल्या माणसाचं नाव पाळण्यातल्यासकट सांगतो. दोघांनी मिळून पत्ते खेळलो, मी जिंकलो, ती म्हणाली डोळ्यावर पट्टी असून फसवता.

मी तिला म्हटलं, बघ, तुझ्या नोकरीनेच होत होतं. ती म्हणाली, "बरं झालं सापडलं." आणि भांडी घासायला गेली. ती घासलेलीच होती.

दिवसभर घरात काय करायचं ते तिला समजत नाही असं दिसतं. होईल सवय.

तुझा,
बारक्या


२० जुलै

बारक्या,

आशीर्वाद. मी काय सांगत होते! म्हातारीचे कान गेलेत, डोकं नाही गेलेलं. शेजारणींना तुझं पत्र वाचून दाखवलं.

आता पट्टी निघाली की दुकान उघड. लायब्ररीवाले किती थांबतील? हातचं काम गेलं की माणूस खचतो. वहिनीला म्हणावं, घरात बसून कंटाळा येत असेल तर विणकाम कर, मला एक स्वेटर हवाच आहे.

ताई


२८ ऑगस्ट

ताई,

पुन्हा सुरू झालं.

दुकान उघडलं, कामाला लागलो, आठवडाभर बरं गेलं आणि मग पहिल्यासारखंच. पहिल्यापेक्षा वाईट. रोज पोट. पुटकुळ्या आता गुडघ्यांवरही आहेत. संध्याकाळी घरी आलो की कोणी बोललेलं सहन होत नाही, चमचा वाजला तरी अंगावर येतं. लायब्ररीचं काम आलंय ते तुला लिहिलं का? मोठं काम आहे. जुनी पुस्तकं सगळी.

आता ही बेकरीत जात नाही. मग कुठून? रात्रंदिवस तेच डोक्यात. मी तिच्या मागे मागे फिरायला लागलो, ती काय उघडते, कशाला हात लावते. ती म्हणाली, "मला असं बघू नका, माझ्या हातून सांडतं." परवा ती बाहेरून आली आणि मी तिची पिशवी जमिनीवर उलटी केली. आत बिस्किटाचा पुडा. अर्धा खाल्लेला.

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "घरात नाही आणत हो मी कधी. बागेच्या बाकावर बसून खाते. नळावर हात धुते, चूळ भरते, मग येते. आज पुडा टाकायचा राहिला. माणसाला एखादं बिस्किट खावंसं वाटतं."

मी म्हणालो, तू मला मारायला बसली आहेस.

हे मी म्हणालो. म्हणताना मला ऐकू येत होतं. तरी थांबवता आलं नाही. ताटही ढकललं, भात सगळा भिंतीवर. तिने तो पुसला. माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तुला लायब्ररीच्या कामाचं लिहिलं का ते आठवत नाही. मोठं काम आहे. सांग मी काय करू.

बारक्या


५ सप्टेंबर

बारक्या,

तुझं पत्र वाचून माझे हातपाय गार पडले. लायब्ररीचं तू एकाच पत्रात दोनदा लिहिलंस. माझा भाऊ असा नव्हता. काय करून ठेवलंय तुझं!

एक बिस्किट की दहा, ते मला सांगू नकोस. ज्या बाईला नवऱ्याच्या जिवासाठी एक बिस्किट सोडवत नाही, तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची? आज पिशवीत सापडलं, काल कुठे खाल्लं ते कोणी पाहिलंय? मूल झालं नाही, त्यामुळे कोणाला जपायचं म्हणजे काय हे तिला समजलंच नाही, असं मला आता वाटतं. कटू आहे पण मी लिहिणार.

सरळ वेगळा हो. दुकानात मागे जागा आहे, शेगडी आहे, पाणी आहे. तिथेच शिजव, तिथेच खा, तिथेच झोप. आपल्या हातचं खाल्लं की घात व्हायची भीती नाही. तिच्या हातचं पाणीसुद्धा घेऊ नकोस. एवढं माझं ऐक, आजवर तू माझं ऐकलंस आणि तुझं वाईट झालं नाही.

ताई


२ ऑक्टोबर

ताई,

दुकानात राहायला आलो. तुझं पत्र तिला वाचायला दिलं, बोलायचा त्रास नको म्हणून. तिने ते वाचून घडी घालून परत दिलं. ती पुन्हा बेकरीत जाते, तिथेच वर एक खोली आहे, त्यात राहते. घराला कुलूप.

खळीच्या शेगडीवर भात करतो. भात, बटाटे, मीठ. दुसरं काही नाही. भांडी माझी मी घासतो. कोणी येत नाही.

तरी वजन उतरतंय. पँटला सुतळी बांधली आहे. पायऱ्या चढताना हाडं दुखतात. एक पान लावायला घेतो आणि कोणतं होतं ते विसरतो. हे पत्र सकाळी सुरू केलं होतं.

ताई, आता तर मी माझ्याच हातचं खातो. मग कोण?

बा.


१९ ऑक्टोबर

ताई,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही, फोनवर तुम्ही "कशी आहेस" विचारायच्या आणि मी "बरी" म्हणायची. आज लिहावं लागतंय कारण ते लिहू शकत नाहीत. ते हॉस्पिटलमध्ये आहेत. सलाइन चालू आहे. जिवाला धोका टळला म्हणतात.

गेल्या सोमवारी लायब्ररीचे एक गृहस्थ बेकरीत आले. म्हणाले, "तुमच्या मिस्टरांकडून पुस्तकं आली, निम्मी उलटी बांधलीत. त्यांना बरं नाही का?" मी त्यांना बत्तीस वर्षं बघते, ताई. त्यांनी कधी एक पान वाकडं लावलं नाही. मी एप्रन काढला आणि दुकानात गेले.

त्यांनी मला पाहिलं, "ये" म्हणाले नाहीत, "जा" ही म्हणाले नाहीत. मी दाराशीच उभी राहिले. शेगडीवर दोन पातेली होती, एकात भात, झाकण नसलेलं, आणि दुसऱ्यात खळीचं पाणी. त्यांनी मैद्याचा डबा उचलला आणि वरून पाण्यात मैदा सोडला. आमच्या घरातलाच डबा. मीच भरून दिला होता. पीठ वर उडालं, उन्हाच्या तिरिपेत दिसत होतं, भातावर बसत होतं. बेकरीत पोतं उघडलं की आम्ही तोंडाला फडकं बांधतो. त्यांनी खोल श्वास घेऊन ढवळायला सुरुवात केली.

मग खाली बसून पानं लावायला घेतली. तुम्हाला त्यांची सवय माहीत आहे. बोट जिभेला, जिभेवरून पानाला, पान उलटलं की ब्रश खळीत, खळ बोटांना, आणि तेच बोट पुन्हा जिभेला. घरी पेपर वाचतानाही तेच. लग्न झाल्यापासून मी चिडवते, तुम्ही पेपर वाचता की चाटता. दिवसभरात अशी किती पानं होत असतील.

मी विचारलं, "बोटाला काय लागलंय?"

म्हणाले, "खळ."

मी विचारलं, "खळ कशाची असते?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बोटाकडे. "ती काय खायची आहे?" असं म्हणाले, अगदी लहान आवाजात, आणि उठायला गेले ते तिथेच कोसळले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, शिजवलं, उकळलं तरी ग्लूटेन जात नाही. म्हणाल्या, मी काम विचारलं होतं, हे कागदाचं म्हणाले, मला पुढे विचारायला हवं होतं. आम्ही दोघांनी घरातला कण न् कण शोधला आणि दुकानाचा विचार कोणीच केला नाही. तिथे पीठ खायला नसतंच, म्हणून आमच्या डोळ्यांना ते पीठ दिसलंच नाही. डोळ्याच्या ऑपरेशनला घरात होते तेव्हा बरे झाले, ते दुकान बंद होतं म्हणून. आम्ही समजलो माझी नोकरी सुटली म्हणून.

आतडं पार झिजलंय, हाडं ठिसूळ झालीत. भरून यायला वर्षं लागतील, पूर्ण येईलच असंही नाही. चिडचिड, संशय, विसरणं, त्यातलं बरंचसं यानेच असणार, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं. बहुतेक त्यांना कोणीतरी ताट भिंतीवर फेकल्याचं सांगितलं असावं. मी नाही सांगितलं.

तुमच्याकडून येणं होणार नाही हे मला माहीत आहे. काळजी करू नका. मी दोन्ही वेळा जाते, अंघोळ करून.

वहिनी


३० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. देवाची दया म्हणून तू त्या दिवशी गेलीस. तू नसतीस तर आज माझा भाऊ नसता, हे मी कोणालाही सांगेन, शेजारणींना सांगितलंही.

त्याने तुला जे जे म्हटलं ते मनाला लावून घेऊ नकोस गं. ते तो बोलत नव्हता, आजार बोलत होता. डॉक्टरांनीच सांगितलंय ना? डोक्यात धुकं असलं की माणूस काय बोलतो त्याला त्याचं भान नसतं. तो लहानपणापासून किती शांत, तू जाणतेस. त्याला माफ कर.

मी तरी काय करणार, लांब बसलेली बहिरी बाई. त्याने जे लिहिलं त्यावरून मला जे दिसलं ते मी लिहिलं. काळजीपोटी माणूस दोन शब्द जास्त बोलतो. आता ते सगळं झालं गेलं, उगाळत बसण्यात अर्थ नाही. तो घरी आला की तूही घरी ये. कुलूप लागलेलं घर बरं दिसत नाही. त्याला आता तुझ्याशिवाय कोण आहे? तुझ्या हातचा मऊ भात खाऊनच तो उभा राहील.

स्वेटरचं काही नाही, सावकाश कर.

तुझी,
ताई


२१ नोव्हेंबर

ताई,

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, ठरवायला वेळ लागला.

ते घरी आले. दुकानातला मैदा मी पोत्यासकट बाहेर काढला, भिंती धुऊन घेतल्या. आता तयार गोंदाचा डबा आणलाय, त्यात काय काय घातलंय ते त्यांनी कंपनीला विचारून घेतलं. पानं लावायला ओला स्पंज ठेवलाय. बोट अजून तोंडाकडे जातं, अर्ध्यात थांबतं. त्यांना बरं वाटतंय. नावं आठवतात. मागचंही सगळं आठवतं, तेच त्यांना झेपत नाही. माझ्यासमोर बसून रडले. पुरुषासारखा पुरुष असा रडताना मी पाहिला नव्हता. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला राग आला नाही.

मग मी मऊ भात केला. ते तेव्हा फार अशक्त होते म्हणून चमच्याने भरवायला गेले. त्यांनी आधी चमच्याकडे पाहिलं. मग माझ्या नखांकडे. मग तोंड उघडलं.

त्यांची चूक काहीच नाही. डॉक्टरांनी असंच सांगितलंय, प्रत्येक घास बघून खायचा, कोणाच्याही हातचा असो, जन्मभर. तसं केलं नाही तर ते जगणार नाहीत. पण ते गहू बघत होते की मला बघत होते, ते मला समजलं नाही. विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. रोज तीन वेळा ती नजर सोसायची माझ्यात आता ताकद नाही. म्हणून मी घरी परत जाणार नाही. त्यांना सांगितलं. "बरोबर आहे" म्हणाले, आणि भात संपवला.

ते स्वतः शिजवतात, नीट शिजवतात. मी रविवारी जाते, हात रिकामे घेऊन जाते, पत्ते खेळतो. बेकरीत माझी नावं लिहायची जागा अजून तशीच होती. तुम्ही त्यांना पत्र लिहीत जा, ते वाट बघतात. माझ्याबद्दल काही लिहू नका.

आता तुम्ही जे मागितलंत त्याबद्दल. त्यांना मी माफ केलंय, तुम्ही सांगायच्या आधीच. त्यांच्या पोटात विष जात होतं, डोक्यात धुकं होतं, मारायला बसलीस म्हणाले तेव्हा त्यांना कात्रीला कात्री म्हणता येत नव्हतं. पण मूल नाही म्हणून मला कोणाला जपता येत नाही, हे तुम्ही लिहिलंत. सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता, पाकिटावर पत्ता बरोबर घालून. ते मी वाचलंय.

तुमची तब्येत तर ठणठणीत होती, ताई.